रामटेके ताईंची वडी

रामटेके ताईंच्या घरात घड्याळं दोन होती, पण स्वयंपाकघरात एकही नव्हतं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा दार अर्धवट उघडं होतं आणि आतून त्रिशरणाचा आवाज येत होता. वंदना चालली असेल म्हणून मी चपला काढून दारातच आदबीनं उभी राहिले. 'बुद्धं सरणं गच्छामि'पासून सुरू होऊन पंचशील संपलं, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी हातही जोडले. तेवढ्यात आतून हाक आली, "ये ना वं आत, उभी काहून? अंडं आहे."

खरंच अंडं होतं. ताई गॅससमोर उभ्या राहून अंडं उकडत होत्या. दोनदा म्हटलं की बलक मऊ राहतो, आणखी दोनदा म्हटलं की कडक. चहाला एकदाच पुरतं. त्यांची आई असंच करायची, कारण तिच्याकडे घड्याळ नव्हतं. "आणि गंमत अशी," ताई म्हणाल्या, "मी ज्यांची पुस्तकं वाचते ना, त्या इंग्लंडच्या सरदारणी. त्यांच्याकडेही असंच लिहून ठेवलं आहे. अमुक एक प्रार्थना म्हणून होईपर्यंत ढवळा, मग उतरवा. घड्याळ होतं त्यांच्या घरात, पण ते दिवाणखान्यात. चुलीपाशी कोण ठेवते?" मग अंडं सोलून त्यांनी अर्धं माझ्यापुढे ठेवलं. मी खाते की नाही याकडे त्यांचं बारीक लक्ष होतं, हे मला तेव्हा समजलं नाही. मी कोल्हापूरची. खाण्याच्या बाबतीत आम्हाला आग्रह लागत नाही. मी ते एका घासात संपवलं आणि दुसरं आहे का म्हणून विचारलं.

ताई हसल्या. आमची दोस्ती त्या अंड्यावर झाली.

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत विटांची एक जुनी तीन मजली इमारत आहे. आम्ही वरच्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा ताई खालच्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. साठीच्या आसपासच्या, बुटक्या, केस कानापर्यंत कापलेले, अंगात बाराही महिने एक करडा स्वेटर. स्वेटरच्या एका खिशात भिंग आणि दुसऱ्या खिशात वेलदोडे. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या. इंग्रजी शिकायला म्हणून तरुणपणी इकडे आल्या आणि शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात चिकटल्या. हस्तलिखितांच्या विभागात जुनी अक्षरं लावायची, कोणत्या बाडात काय आहे याची नोंद करायची, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. बाकी सगळ्या विषयांवर त्या बोलायच्या.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. "करून पाहिलं?" कोणी काहीही सांगो, ताईंचा हा प्रश्न ठेवलेला. गुडघ्याला मेथीचं पाणी चांगलं म्हणे. करून पाहिलं? इलेक्ट्रिक गाडी परवडत नाही. करून पाहिलं? एकदा मी सांगत होते की माझी चुलतबहीण लग्नाला नाहीच म्हणते, तिला संसार नकोच आहे.

"करून पाहिला का तिनं?"

"अहो ताई, संसार करून कसा पाहणार?"

"तेही खरंच. मीही कुठं पाहिला बाप्पा!"

हा प्रश्न कुठून आला ते मला त्यांच्या ग्रंथालयात गेल्यावर कळलं. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम नेलं. हात धुवायला लावले, पेन काढून घेतलं आणि स्पंजच्या उशीवर एक कातडी बांधणीचं बाड आणून ठेवलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं तरी असावं. इंग्लंडातल्या बड्या घरांतून अशी बाडं आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे जायची. मी आपली समजत होते की त्यात फक्त स्वयंपाक असेल. पण एका पानावर बदामाचा हलवा, तर त्याच्या पाठीला मूळव्याधीवरचा लेप. त्याच्यापुढे हातमोज्यांना अत्तर लावायची कृती. त्याच्यापुढे क्षयावरचं औषध. बागेतल्या गोगलगायी धुवून ठेचायच्या, त्यात मसाले घालायचे, अर्क काढायचा आणि तो रोग्याला पाजायचा.

"ताई, हे प्यायचे?" मी विचारलं.

"प्यायचे ना. जे जगले त्यांच्या घरच्यांनी समासात खूण करून ठेवली." त्यांनी भिंग धरून मला दाखवलं. समासात बारीक अक्षरात लॅटिनमधले दोन शब्द होते. अर्थ एवढाच, की करून पाहिलं, उतरलं. "ज्या कृतीपुढं हे नाही, तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. नुसती ऐकीव असते."

मग त्यांनी मला प्रत्येक कृतीचं शीर्षक वाचून दाखवलं. अमक्या काउंटेसचं लोणचं. तमक्या लेडीचं खोकल्याचं पाणी. माझ्या बहिणीचा मुरांबा. प्रत्येक कृतीच्या डोक्यावर देणारीचं नाव. ताईंचं म्हणणं असं, की या बायकांचं सोयरंधायरं, मानपान सगळं त्या नावांत होतं. जिच्या घरी जेवायला जातो, तिचीच कृती मागून घ्यायची आणि तिच्या नावानं लिहायची. जिचं नाव कुणाच्याच बाडात नाही, ती त्या वर्तुळातलीच नाही.

"आणि रांधणारीचं नाव?" मी विचारलं.

ताईंनी पान उलटलं. "एकदाच सापडलं. इथं बघ." एका पाकाच्या कृतीत, तो किती घट्ट करायचा हे मालकिणीला बहुधा ठाऊक नव्हतं. तिनं लिहून ठेवलं होतं, 'जोनला विचारा'. बस. त्या जोनचा आगापीछा ताई कित्येक वर्षं शोधत होत्या. गावच्या चर्चची दप्तरं, घरखर्चाचे कागद, सगळं पाहून झालं होतं. जोन काही सापडली नव्हती. पण घरी पाक करायला घेतला की ताई तो बोटांत धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "थांब, जोनला विचारू."

ग्रंथालयात ताईंना मान होता, हे सांगायला हवं. 'विमला, विमला' करत लोक मागे असायचे. वर्षातून एकदा जुन्या कृतींवरून पदार्थ करून खिलवायचा कार्यक्रम व्हायचा, त्यात तर ताई म्हणजे वऱ्हाडातली वरमाय. गोरे लोक सगळं चाखायचे, वाहवा करायचे, ताईंबरोबर फोटो काढायचे. मी एकदा म्हटलं, किती छान आहेत ना ही माणसं. ताई म्हणाल्या, "छान आहेत. पण वर्षभरात एकही माणूस घरी चहाला आला नाही." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. थंडी पडली आहे असं सांगावं तसं सांगितलं, म्हणून मला जास्त लागलं.

एप्रिलमध्ये जयंतीला उपनगरांतली नागपूर-अमरावतीकडची बौद्ध कुटुंबं एका हॉलमध्ये जमायची. ताई पांढरी साडी नेसून दोन मोठे डबे घेऊन जायच्या आणि दोन्ही डबे चाटूनपुसून रिकामे घेऊन यायच्या. त्या दिवशी जिन्यातसुद्धा त्यांचा आवाज वेगळा यायचा. पण ती माणसं लांब राहायची. कुणाची पोरं लहान, कुणाची नोकरी गेली, कुणी टेक्ससला निघून गेलं. जयंती वर्षातून एकदा, आणि मधलं वर्ष फार लांब. ताईंनी आयुष्यात एका माणसापुरता स्वयंपाक कधी केलाच नाही. त्यांना तो यायचाच नाही. भाजी केली की डब्यात भरून वर आमच्याकडे. आता आपली रीत अशी, की शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये. मी पहिल्या खेपेला त्यात चार लाडू घालून खाली नेला, तर ताईंनी लाडू बशीत काढून घेतले आणि डबा उजेडात धरून आत पाहिला.

"यापुढं रिकामाच देत जा," त्या म्हणाल्या. "मला तळ पाहू दे."

मला वाटलं, बाई विक्षिप्त आहे. तळ पाहण्यात काय आहे? ते कळायला मला मराठी मंडळात जावं लागलं.

आमचं मंडळ म्हणजे डेव्हनच्या आसपासच्या मराठी लोकांचं. पुण्याचे, मुंबईचे, नाशिकचे, बहुतेक कंप्युटरवाले. संक्रांत, गुढीपाडवा, दिवाळी, सगळं शनिवारी, एका शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये. जेवण पॉटलकचं, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ घरून करून आणायचा. कोणी काय आणायचं ते व्हॉट्सॲपवर ठरायचं. वैशाली, तू मसालेभात आण. शिल्पा, तू काहीतरी गोड कर. आणि मग, "रामटेके ताई, तुम्ही प्लेट्स आणि ग्लास आणाल ना प्लीज? तुम्ही एकट्या आहात, उगाच कशाला स्वयंपाकाचा त्रास."

किती काळजी! पहिल्यांदा मलाही ती काळजीच वाटली. पाडव्याला पुन्हा प्लेट्स. श्रावणात प्लेट्स. मंडळात एकटं राहणारे आणखीही होते, एका मुलाला तर साधा कुकर लावता यायचा नाही, त्याला गुलाबजाम सांगितले होते. ताईंना प्लेट्स. मी माझ्या वहिनीसारख्या एका मैत्रिणीला विचारलं, तर ती आवाज खाली घेऊन म्हणाली, "अगं, तसं काही नाही. पण काही सीनियर लोक असतात ना आपल्यात, त्यांना उगाच अनकम्फर्टेबल नको. तू त्यांच्याकडे जेवतेस का?"

"जेवते ना. आणि परत वाढून घेते," मी म्हटलं.

ताई प्लेट्स आणायच्या. साध्या नाहीत हं, जाड, उसाच्या चिपाडाच्या, कडेला नक्षी असलेल्या, रस्सा गळणार नाही अशा. डेव्हनवरच्या तीन दुकानांत फिरून घ्यायच्या. ज्याला जे काम दिलं ते त्यानं नीट करावं, असं त्यांचं मत. टेबलाच्या सुरुवातीला प्लेट्सची चळत लावून त्या बाजूला उभ्या राहायच्या आणि प्रत्येकाच्या हातात एकेक द्यायच्या. लोक 'थँक यू ताई' म्हणून पुढे सरकायचे.

एकदा मंडळाला नवा सेक्रेटरी मिळाला. अनिकेत नावाचा, मुंबईत वाढलेला, उत्साही आणि अघळपघळ. त्याला कुठून तरी कळलं की ताई राजेरजवाड्यांच्या पाककृतींवर काम करतात. अर्धंच कळलं. इंग्लंड राहिलं बाजूला, राजघराणं तेवढं पोचलं. त्यानं दिवाळीच्या कार्यक्रमाला घोषणा केली, की यंदा शाही फराळ, खास राजघराण्यातला पदार्थ, आपल्या नागपूरच्या विमलताई रामटेके यांच्या हातचा.

ही मंडळी कशी आहेत पाहा. ज्या बायका कित्येक वर्षं ताईंकडून प्लेट्स घेत होत्या, त्यांनी दोन दिवसांत एक अख्खं संस्थान उभं केलं. आडनाव रामटेके, म्हणजे रामटेकचे असणार. रामटेकला राजे असतीलच. "बाई, आपल्याला काही माहीतच नव्हतं, आपण काहीतरी दुसरंच समजत होतो," असं एकीनं मला फोनवर सांगितलं. ती काय समजत होती ते मी विचारलं नाही. मी अनिकेतची चूक दुरुस्त करावी का, याचा विचार केला. पण ताई इतक्या खूश होत्या, की माझं धाडस झालं नाही. त्या चुकीबद्दल त्यांना पत्ताच नव्हता. मंडळानं पदार्थ मागितला, एवढंच त्यांना कळलं होतं.

त्यांनी क्विन्सची वडी करायचं ठरवलं. शरद ऋतूत डेव्हनवरच्या पाकिस्तानी दुकानात पिवळं, पेरूएवढं, खडबडीत फळ येतं. ते लोक त्याला बेही म्हणतात. कच्चं खाल्लं तर तोंडाला मिठी बसते. पण शिजवलं, गाळलं आणि साखरेत आटवलं की पेरूच्या वडीसारखी वडी होते, आणि वास गुलाबाचा. त्यांच्या आवडत्या बाडात ही कृती दोन तऱ्हांनी होती. उघड्या भांड्यात मोठ्या आचेवर भराभर केली तर वडी पांढरी राहते. झाकण ठेवून मंद आचेवर धीरानं केली, तर फळाचा रंग आपोआप बदलतो आणि वडी माणकासारखी लाल होते. वरून रंग घालावा लागत नाही. ताईंना लाल करायची होती. एवढ्या लोकांची वडी घरच्या भांड्यात एकदम होईना, म्हणून तीन दिवस त्यांच्या घरी झाकण ठेवलेलं भांडं आणि त्रिशरण चालू होतं. इतक्यांदा म्हणून त्यांचा घसा बसला. मी वाटीत थोडी घेऊन खाल्ली आणि वाटी पुन्हा पुढे केली. ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"जोनला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

दिवाळीच्या शनिवारी हॉल भरला होता. अनिकेतनं माइकवरून ताईंची ओळख करून दिली आणि नागपूरच्या राजघराण्याचा वारसा वगैरे बोलून गेला. टेबलाशी झुंबड उडाली. लोकांनी दोन-दोन वड्या वाढून घेतल्या, एका बाईंनी तर चांदीच्या वाटीचा फोटो काढतात तसा वडीचा फोटो काढला. ताई आधी गोंधळल्या, मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी अनिकेतकडून माइक मागून घेतला.

"थोडा गैरसमज झाला," त्या बसलेल्या घशानं म्हणाल्या. "मी कोणत्या राजघराण्यातली नाही. मी इंदोऱ्याची. माझी आई दवाखान्यात झाडझूड करायची. ही वडी इंग्लंडातल्या एका सरदारणीच्या पुस्तकातली आहे. म्हणजे पुस्तक तिचं. वडी तिच्या घरी जोन नावाची बाई करायची, असं मला वाटते. आज मी केली. सर्वांनी खा."

टाळ्या वाजल्या. अनिकेतनं लाजून चार वड्या खाल्ल्या, मनापासून खाल्ल्या. नव्या पोरांपैकीही काहींनी खाल्ल्या. पण मी ताईंच्या शेजारी उभी होते आणि मला पुढचं सगळं दिसत होतं. बाकीच्यांच्या हातात प्लेट होती, वडी प्लेटमध्ये होती, आणि हात समोशाकडे जात होता. फोटोवाल्या बाईंना मी म्हटलं, घ्या ना. त्या म्हणाल्या, "माझा शनिवार असतो गं." मंडळाचे सगळे कार्यक्रम शनिवारीच असतात, आणि या बाईंना मी तिथं छोले-भटुरे हाणताना पाहिलं होतं. मी म्हटलं, नुसतं फळ आणि साखर आहे, उपवासाला चालतं. त्या म्हणाल्या, "हो का? पण गुलाबपाणी आहे ना त्यात." आता गुलाबानं कुणाचा उपवास मोडला, देव जाणे.

आवराआवरीला मी थांबले होते. कचऱ्याच्या पिशवीत ताईंच्या नक्षीच्या प्लेट्स पडल्या होत्या आणि त्यांना लाल लाल वड्या चिकटलेल्या होत्या. मी पिशवीचं तोंड घाईनं बांधायला गेले. ताई मागेच उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं. त्यांनी पुढे होऊन पिशवीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघींनी ती उचलून बाहेर नेली. त्या रात्री मी घरी येऊन रडले. ताई रडल्या की नाही मला माहीत नाही. पुढच्या संक्रांतीला त्यांना पुन्हा प्लेट्स सांगितल्या आणि त्यांनी त्या आणल्या.

मी म्हटलं, "ताई, सोडून द्या ना हे मंडळ. कशाला जाता?"

"मराठी कुठं बोलू मग?" त्या म्हणाल्या. "जोन तर इंग्रज आहे."

पुढे काही महिन्यांनी शिल्पा त्यांच्याकडे आली. शिल्पा म्हणजे मंडळातली गोडाची बाई, हाताला चव असलेली, आणि स्वभावानं वाईट मुळीच नाही. तिनं दिवाळीला वडी खाल्ली होती की नाही, ठाऊक नाही. पण तिला कृती हवी होती. ताईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद होता, तो मी तोवर पाहिला नव्हता. कृती मागायला कुणीतरी आलं होतं! त्यांनी तिला बसवलं, फळ कसं निवडायचं ते सांगितलं, साखर किती ते सांगितलं, झाकणाची गोष्ट सांगितली, कितीदा त्रिशरण हेही सांगितलं. शिल्पा फोनमध्ये टाइप करत होती. "म्हणजे अंदाजे किती मिनिटं, ताई?" तिनं विचारलं. ताईंनी चहा ठेवला. शिल्पाला मुलाला क्लासहून आणायचं होतं. "नेक्स्ट टाइम नक्की," म्हणून ती गेली.

मी चिडले. "एखादी गोष्ट गाळायची होती हो. झाकणाची तरी."

"तशा गाळणाऱ्याही होत्या," ताई म्हणाल्या. "त्यांची पुस्तकं आहेत माझ्या टेबलावर. अजून कळते कुणी काय लपवलं ते." आणि दोन कप चहापैकी एक त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

त्याच सुमारास माझ्या नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही ओहायोत डब्लिनला गेलो. मोठं घर, मोठं अंगण, आणि शेजारी कोण राहतं त्याचा पत्ता नाही. तिथं मी एकटीसाठी चहा ठेवायला लागले तेव्हा ताई मला जास्त समजल्या. फोन व्हायचे. अशी दोन-तीन वर्षं गेली. त्या रिटायर होणार होत्या आणि पुतण्याकडे टेक्ससला, अर्विंगला जाणार होत्या. "त्याच्या घरी किचन मोठं आहे म्हणते. पण ते लोक बाहेरूनच मागवतात," असं त्यांनी सांगितलं होतं. त्या जायच्या आधी भेटावं म्हणून मी दिवाळीच्या शनिवारी मुद्दाम गाडी काढून शिकागोला आले आणि थेट हॉलवर गेले.

ताई टेबलाच्या सुरुवातीला उभ्या होत्या. तोच करडा स्वेटर, तीच नक्षीच्या प्लेट्सची चळत. थोड्या वाळल्या होत्या. मला पाहून त्यांनी आधी प्लेट दिली आणि मग मिठी मारली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गर्दी होती. मी मान उंचावून पाहिलं. काचेच्या भल्या मोठ्या ट्रेमध्ये शंकरपाळ्यासारखी कापलेली, माणकासारखी लाल वडी होती. पुढे छापील चिठ्ठी, 'शिल्पाची क्विन्स वडी'. लोक ताईंच्या प्लेट्स घेऊन रांगेत उभे होते आणि खात होते. फोटोवाल्या बाईंनी तीन खाल्ल्या. त्यांचा शनिवार बहुधा सुटला होता. दोन वर्षांपासून दिवाळीला हीच वडी असते, हे मला ताईंनी फोनवर कधी सांगितलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी शिल्पाकडे निघालेच होते. ताईंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं, की मला थांबावंच लागलं.

तेवढ्यात एक नवी मुलगी आमच्याकडे आली. नुकतीच पुण्याहून आलेली असावी, कुणाला ओळखत नव्हती, गोड होती. तिनं ताईंपुढे प्लेट धरली. "काकू, तुम्ही घेतली नाही का वडी? घ्या ना. शिल्पाताईंची स्पेशालिटी आहे म्हणे. आणि अजिबात डिफिकल्ट नाही, झाकण ठेवून स्लो गॅसवर करायची फक्त. तुम्ही पण करून पाहा."

ताईंनी वडी उचलली. उजेडात धरून रंग पाहिला. तोंडात टाकली आणि डोळे मिटून, चांगली चघळून खाल्ली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"छान उतरली आहे," त्या म्हणाल्या. "पाहीन करून."

मुलगी खूश होऊन गेली. वडीवर शिल्पाचं नाव होतं आणि 'रामटेकेंना विचारा' असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. ताई गर्दी ओसरेपर्यंत थांबल्या. मग टेबलापाशी जाऊन त्यांनी तो काचेचा ट्रे थोडा तिरका करून पाहिला आणि होता तसा ठेवला.

मी त्यांना घरी सोडते म्हणाले. नको म्हणाल्या, बस दारातच मिळते, आणि मला रात्रीच ओहायोला परतायचं होतं. आम्ही डेव्हनवरच्या बसथांब्यावर उभ्या राहिलो. वारा बोचरा होता. समोर साड्यांच्या दुकानात दिवाळीची लायटिंग लुकलुकत होती. उरलेल्या प्लेट्सचा गठ्ठा त्यांनी छातीशी धरला होता. मी अजून धुमसत होते. मी म्हटलं, "ताई, तुम्ही बोलू का दिलं नाही मला? तुमची वडी आहे ती!"

ताई बस येते का ते बघत होत्या. "खाल्ली ना वं सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "तुकडासुद्धा टाकला नाही कुणी. तळ पाहिला मी." मग गठ्ठा सावरत म्हणाल्या, "डबा माझा नव्हता, तेवढंच."

बस आली. त्यांनी माझ्या गालाला हात लावला, खिशातून दोन वेलदोडे काढून माझ्या मुठीत ठेवले आणि चढल्या. त्यानंतर आम्ही फोनवर बोलतो, पण त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. बसमध्ये गर्दी नव्हती. त्या खिडकीशी बसल्या, शेजारच्या रिकाम्या सीटवर प्लेट्सचा गठ्ठा नीट ठेवला आणि तो पडू नये म्हणून घरापर्यंत त्यावर हात धरून बसल्या असाव्यात. बस दिसेनाशी होईपर्यंत तरी तो हात तिथंच होता.